सेकंड लाइफमध्ये झोपाळे विकताना

सेकंड लाइफमध्ये खरंच पैसे मिळतात का, हे मला सारखं कोणी ना कोणी विचारतं, परवा भाच्याने विचारलं, "मावशी, महिन्याला किती सुटतात?" म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. मिळतात. मला मिळतात. पण कसे मिळतात, कुठून कुठे जातात आणि त्यात मजा कशी राहते हे सगळं एका जागी सांगितल्याशिवाय आकड्याला काही अर्थ नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सेकंड लाइफमध्ये जिंकायचं हरायचं काही नसतं, म्हणून त्याला गेम म्हणायला माझी जीभ वळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब कंपनीने २००३ साली सुरू केलेलं हे थ्रीडी जग आहे, फिलिप रोजडेल त्याचे संस्थापक. आपण एक अवतार घ्यायचा आणि आत हिंडायचं, आणि आत जे दिसतं ना, घरं, झाडं, साड्या, केस, बूट, नाचाच्या स्टेप्स, त्यातलं जवळपास सगळं तिथे येणाऱ्या लोकांनीच बनवलेलं असतं. बनवलेल्या वस्तूवर हक्क बनवणाऱ्याचा राहतो, हे कंपनीने सुरुवातीच्याच वर्षी मान्य केलं, आणि विकून आलेले लिंडन डॉलर, म्हणजे तिथले आतले पैसे, खऱ्या अमेरिकन डॉलरमध्ये बदलता येतात, वर्षानुवर्षं भाव साधारण अडीचशे लिंडन डॉलरला एक अमेरिकन डॉलरच्या आसपास आहे. या दोन गोष्टींवर तिथला सगळा बाजार उभा आहे.

२००६ मध्ये या बाजाराचं फार नाव झालं होतं. अँशी चुंग नावाच्या अवताराने तिथे जमिनी घेऊन, तुकडे पाडून, सजवून भाड्याने देऊन इतकं कमावलं की बिझनेस वीकच्या मुखपृष्ठावर ती झळकली, रॉयटर्सने तर तिथे आपलं वार्तांकन केंद्रच उघडलं. मग २००७ मध्ये जुगारावर बंदी आली, त्याच वर्षी भरमसाट व्याज देणारी आतली एक बँक बुडाली आणि २००८ च्या जानेवारीपासून परवाना नसलेल्या बँकाच बंद झाल्या. मी यानंतर बऱ्याच वर्षांनी गेले, तोपर्यंत बाहेरच्या लोकांना वाटत होतं हे प्रकरण संपलं, आणि आत मात्र लोक निवांत आपापली घरं लावत बसले होते.

मी पैशासाठी गेले नव्हते, वाड्यासाठी गेले होते. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते, दिवसभर पार्किंगचे स्लॉट, जिने, डक्ट, टॉयलेटचे तपशील. माझं आजोळ वाईचं. ओसरी, पडवी, माजघर, मधला चौक, तुळशीवृंदावन, वर कडीपाट, असं सगळं पाहत मी मोठी झाले आणि मला ते परत उभं करून त्यात चालायचं होतं. कागदावर काढून समाधान होईना. ऑफिसातल्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं तरी ते स्क्रीनवर गोल फिरवून बघायचं एवढंच, त्यात कोणी येऊन बसत नाही. सेकंड लाइफमध्ये येऊन बसतात.

खातं फुकट मिळतं. बांधायला सँडबॉक्स असतात, म्हणजे कोणीही जाऊन काहीही बांधावं अशा मोकळ्या जागा, काही तासांनी तिथलं सामान आपोआप तुमच्याकडे परत येतं. तिथे बसून मी प्रिम, म्हणजे बांधायचे मूळ आकार, शिकले, ठोकळा, नळी, गोळा, कडं, यांना ताणायचं, कापायचं, पिळायचं, एकमेकांना जोडायचं. बाजूला कोणी ड्रॅगन बनवतंय, कोणी हेलिकॉप्टर. अडलं की शेजारचा माणूस आपलं काम सोडून शिकवायला येतो. खूप जणांना मी विचारलं आणि एकानेही वाटेला लावलं नाही, हे मला आजही भारी वाटतं.

पहिले पैसे मात्र बांधकामाचे नव्हतेच. टेक्श्चर, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायचं चित्र, अपलोड करायला १० लिंडन डॉलर लागतात, वाड्याला जमीन लागते, जमिनीला आठवड्याचं भाडं, आणि मी ठरवलं होतं की खिशातले रुपये यात घालायचे नाहीत, इथलं इथे फिटलं पाहिजे. मग तिथल्याच एका क्लबमध्ये होस्टचं काम घेतलं. तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाचं चालतं, त्यांची संध्याकाळी सहाची पार्टी म्हणजे उन्हाळ्यात आपली दुसऱ्या दिवशी सकाळची साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे डबे भरायच्या आधी तासभर मोकळा मिळतो त्याच वेळी अमेरिकेत गर्दी. काम काय, तर येणाऱ्याला नावाने हाय म्हणायचं, डीजे कोणतं गाणं लावतोय ते टाइप करायचं, लोकांना बोलतं ठेवायचं. पगार नाही, समोर टिप जार ठेवायचा, कोणी ५० टाकतं, कोणी १००. शंभर लिंडन डॉलर म्हणजे पस्तीसेक रुपये धरा.

होस्टिंगने जमिनीचं भाडं निघायचं आणि गाणी छान असायची, पण ते वेळेला बांधलेलं काम आहे, आज मूड नाही म्हणून चालत नाही, ज्या दिवशी वाड्याचा खांब अर्धा राहिलाय त्या दिवशीही जाऊन गप्पा मारायच्या. नव्याने येणाऱ्याला मी आजही सांगते की होस्टिंग करा, कारण माणसं ओळखीची होतात आणि ती ओळख पुढे दुकानाला उपयोगी पडते. पण त्यातून जमिनीपुरते आले की थांबा.

दुकान झोपाळ्यापासून सुरू झालं. वाड्याच्या माजघरात मी पितळी साखळ्यांचा झोपाळा टांगला होता, फक्त माझ्यासाठी. क्लबमधले लोक वाडा बघायला आले की सगळे थेट झोपाळ्यावर, बाकीच्या कोरीवकामाकडे ढुंकून बघणार नाहीत. मग एकीने विचारलं, हा कुठे विकत मिळतो? आणि मी म्हटलं आता मिळेल.

विकायची वस्तू बनवणं आणि स्वतःपुरती बनवणं यात फार अंतर आहे, आणि मला या प्रक्रियेतला हाच भाग सगळ्यात आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगते. तिथे प्रत्येक जमिनीला वस्तूंची मर्यादा असते, तिला लँड इम्पॅक्ट म्हणतात. वर्गणी भरणाऱ्या प्रीमियम मेंबरला मेनलँडवर, म्हणजे कंपनीच्या मुख्य भूभागावर, १०२४ चौरस मीटर जमीन वेगळं भाडं न देता ठेवता येते, तिच्यावर ३५१ एवढाच लँड इम्पॅक्ट बसतो, त्यात माणसाला घर, बाग, पलंग, स्वयंपाकघर सगळं बसवायचं असतं. तिथे एकटा झोपाळा तीस-चाळीस खाणार असेल तर घेणार कोण? साखळीची प्रत्येक कडी खरी मॉडेल केली तर आकडा तिथेच जातो. म्हणून मी ब्लेंडर या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये साखळी एकदाच नीट बनवली, मोर, हत्ती, घुंगरू सगळं घातलं, तिचं प्रकाश-सावलीसकट चित्र काढलं, आणि ते चित्र पारदर्शक करून एकमेकांना छेद देणाऱ्या दोन सपाट पट्ट्यांवर चढवलं. चार पावलांवरून बघितलं तर कोणाला फरक कळत नाही आणि लँड इम्पॅक्ट एकदम हातात येतो. फळीला मात्र खरी जाडी दिली, कडा थोड्या झिजलेल्या ठेवल्या, कारण माणूस बसतो तिथे आणि कॅमेरा जातो तिथे.

मग दुरून बघायचा प्रश्न. मेशची, म्हणजे असं बाहेर बनवून आणलेल्या मॉडेलची, चार रूपं द्यावी लागतात, जवळून दिसणारं सगळ्यात तपशीलवार आणि लांब जाईल तसं साधं होत जाणारं. पुष्कळ जण लांबची रूपं इतकी खाली आणतात की दहा मीटरवरून खुर्ची म्हणजे तुटलेल्या त्रिकोणांचा ढीग दिसतो, कारण त्याने लँड इम्पॅक्ट कमी होतो आणि जाहिरातीत आकडा छान दिसतो. मला हे पटत नाही. चौकाच्या पलीकडून झोपाळा झोपाळ्यासारखा दिसला पाहिजे. माझ्या वस्तूंचे आकडे इतरांपेक्षा एक-दोनने जास्त असतात ते यामुळे, आणि मी ते लिस्टिंगमध्ये लिहिते.

बसायची गोष्ट तर अजून गमतीची. तिथे मिळणारे तयार झोपाळे सगळे बागेतले, दोन्ही पाय खाली सोडून बसायचे. आपल्याकडे कोणी तसं बसतं का? एक पाय फळीवर घडी घालून, दुसऱ्याने जमिनीला हलकेच रेटा देत बसतात, किंवा मांडी घालून, किंवा आडवं होऊन दुसऱ्याच्या मांडीवर डोकं. या सगळ्या पोझ मी स्वतः बनवल्या. २०१६ मध्ये बेंटो नावाचा सांगाडा आल्यापासून अवताराच्या बोटांनाही हाडं आहेत, म्हणून हाताने साखळी नीट धरता येते. पोझ बदलायच्या मेनूसाठी एव्हीसिटर नावाची ओपन सोर्स स्क्रिप्ट आहे, ती फुकट मिळते आणि तिच्यावर अर्धं सेकंड लाइफ बसतं असं म्हटलं तरी चालेल. झोका द्यायला कीफ्रेम मोशन, म्हणजे अख्खी वस्तू ठरवलेल्या मार्गाने हलवायची सोय, वापरलं, त्यासाठी वरच्या कड्या वेगळ्या आणि साखळ्या-फळी वेगळी ठेवावी लागली, नाहीतर तुळईच्या कड्याही झोके घ्यायला लागतात.

हे सगळं करून बघायला एक चाचणीचं जग आहे, तिथे अपलोडला खरे लिंडन डॉलर लागत नाहीत. त्या चाचणीच्या जगाचं नाव अदिती आणि मुख्य जगाचं अग्नी, अगदी आपलीच नावं. अदितीवर हवं तितक्यांदा अपलोड करा, आकडे बघा, परत सुधारा, मनासारखं झालं की मगच अग्नीवर आणा. मेश अपलोड करायच्या आधी खात्याला पेमेंटची माहिती जोडावी लागते आणि कॉपीराइटवरची एक छोटी चाचणीही द्यावी लागते, दुसऱ्याचं उचलून विकू नये म्हणून. नव्या माणसाने ती वाचून द्यावी, नुसती टिकमार्क करून नको.

विकताना तीन परवानग्या ठरवायच्या असतात, कॉपी, मॉडिफाय, ट्रान्सफर. मी कॉपी आणि मॉडिफाय देते, ट्रान्सफर नाही. म्हणजे घेणाऱ्याने हव्या तेवढ्या प्रती आपल्याकडे लावाव्यात, रंग बदलावा, फळी रुंद करावी, फक्त दुसऱ्याला देऊ नये. मॉडिफाय बंद ठेवणारे दुकानदार बरेच आहेत, मला ते कळतच नाही. एका बाईने माझा झोपाळा निळ्या रंगात रंगवून होडीघरावर टांगला, एकाने अवकाशयानाच्या काचेच्या घुमटाखाली लावला, खाली पृथ्वी फिरतेय आणि हा मांडी घालून झोके घेतोय. ते फोटो त्यांनी मला पाठवले. असे फोटो येतात तो दिवस माझा फार चांगला जातो.

आता पैशाचं. मी झोपाळा २९९ लिंडन डॉलरला ठेवला. दुकान दोन ठिकाणी असतं, एक आत जमिनीवर, जिथे लोक चालत येऊन बसून बघतात, आणि एक मार्केटप्लेस या वेबसाइटवर, तिथे १० टक्के कमिशन कापून २६९ हातात येतात. ते डॉलरमध्ये बदलताना फी, डॉलर बाहेर काढताना परत फी. सगळं वजा जाता एका झोपाळ्याचा साधारण एक डॉलर पडतो. ज्यांना वाटतं की चार वस्तू टाकल्या की नोकरी सोडता येते त्यांनी हा आकडा नीट बघावा. बनवायला गेलेले तास आणि आलेले पैसे असा भागाकार मी करत नाही, कारण वाडा मी बांधणारच होते आणि झोपाळा त्यात टांगणारच होते. पण एकदा बनवलेली वस्तू पुढे वर्षानुवर्षं विकली जाते हे खरं आहे, मी ऑफिसात असते, झोपलेली असते, आणि कुठेतरी कोणीतरी झोपाळा घेतो. समई, पाट, कोनाडा, खुंट्या, दिंडी दरवाजा असं करत दुकान वाढलं. त्यातून जमिनीचं भाडं आणि अपलोड आरामात निघतात, आणि उरतं ते मी वर्षातून एखाद-दोनदा बाहेर काढते. कॉम्प्युटरचं नवीन ग्राफिक कार्ड त्यातूनच आलं.

बाहेर काढायची पद्धत भारतातून अशी. आधी ओळखपत्र देऊन पडताळणी करून घ्यावी लागते. मग लिंडेक्स या आतल्या बाजारात लिंडन डॉलर विकायचे, डॉलर तुमच्या खात्यात दिसतात, ते पेपॅलला पाठवायचे. पेपॅलला पॅन जोडलेलं हवं, पैसे कशाचे आलेत त्याचा पर्पज कोड निवडायचा, मग ते रुपये होऊन आपोआप बँकेत जमा होतात. थोडे थोडे काढू नका, प्रत्येक वेळी फी जाते. आणि हे उत्पन्न आहे, टॅक्समध्ये दाखवायचं, पहिल्याच वर्षी सीएला विचारून घ्या, सगळे ईमेल आणि पावत्या जपून ठेवा. एक लक्षात असू द्या, नियमांनुसार लिंडन डॉलर म्हणजे कायदेशीर चलन नाही, कंपनीच्या सेवेत वापरायचं ते एक लायसन्स आहे. म्हणून मी तिथे साठवून ठेवत नाही.

भाच्याला खरं तर ते २०२१ चे क्रिप्टोवाले गेम डोक्यात होते, ॲक्सी इन्फिनिटीसारखे, खेळा आणि कमवा. तिथे आधी तीन प्राणी विकत घ्यायला लागायचे, फिलिपिन्समध्ये लोक दुसऱ्याचे प्राणी उसने घेऊन हिश्शाने खेळायचे, मग खेळून मिळणाऱ्या टोकनचा, म्हणजे त्या गेमच्या क्रिप्टो नाण्याचा, भाव पडला आणि २०२२ च्या मार्चमध्ये त्याच्या रोनिन नेटवर्कवरून ६० कोटी डॉलरच्या वर रकमेची चोरी झाली. मी त्याला सांगितलं की बाबा, पैसे कोण देतंय आणि कशासाठी देतंय हे आधी बघ. मला पैसे देणाऱ्याला झोपाळा हवा असतो. त्याला तो मिळतो, तो त्यावर बसतो, व्यवहार संपला. जिथे देणाऱ्यालाही पुढे कोणाकडून तरी जास्तीचे हवे असतात तिथे मी जाणार नाही, त्यानेही जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मजा टिकवायची म्हणजे मी नेमकं काय करते, तर काही कामं घेत नाही. मध्यंतरी ऑर्डरी यायला लागल्या, माझ्यासाठी असा महाल बनव, असं मंदिर बनव, पैसे चांगले होते. दोन-तीन केल्या, आणि लक्षात आलं की हे माझ्या ऑफिससारखंच होतंय, क्लायंट, बदल, परत बदल, शुक्रवारपर्यंत द्या. त्यानंतर ऑर्डर घेत नाही, नम्रपणे नाही म्हणते आणि दुसऱ्या बांधणाऱ्यांची नावं देते. ठरावीक तारखेला नवीन माल द्यायच्या सेल इव्हेंटमध्येही जात नाही, तिथे विक्री जोरात होते हे मला माहीत आहे. रिले फॉर लाइफसाठी मात्र दरवर्षी एक वस्तू ठेवते, तिचे सगळे पैसे अमेरिकन कॅन्सर सोसायटीला जातात, त्यासाठी तारीख पाळायला मला काही वाटत नाही.

आणि वाडा विकायचा नाही. तो सगळ्यांना उघडा आहे, दिंडी दरवाजाला कुलूप नाही, टिप जारही ठेवलेला नाही. दिवाळीत चौकात किल्ला करते, मातीचा वाटेल असा, बुरुज, मावळे, हळिवाची हिरवळ, आणि जगभरातली मंडळी येऊन एकेक मावळा उभा करून जातात. जर्मनीतली एक आजी दरवर्षी तोफ आणते, तीच तोफ. दुबईतला एक मराठी मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा चौकात कितीतरी वेळ नुसता उभा होता, मग म्हणाला, "ताई, आमच्या गावच्या घराला अशीच पडवी होती." त्या दिवशी आम्ही चौघं-पाच जण माजघरात बसून सकाळपर्यंत मराठीत टाइप करत होतो.

गेल्या महिन्यात एका जमीनमालकाने अख्खा वाडा मागितला, त्याला भाड्याच्या घरांसाठी हवा होता, किंमत चांगली देत होता. मी वाड्याला नाही म्हटलं. पण तो म्हणाला निदान ते खांब तरी द्या. त्यावर मी विचार केला, आणि खांब द्यायला काहीच हरकत वाटली नाही, उलट आनंदच झाला, सुरूचे खांब, वर महिरप, केळफुलाची नक्षी, ते कोणाकोणाच्या घरात जातील, कोण त्यांना कुठे लावेल. म्हणून सध्या रात्री तेच चाललंय. खांब तीन उंचीत केलेत, महिरप वेगळी काढता येते, पीबीआर या प्रकाश खऱ्यासारखा दाखवणाऱ्या नव्या मटेरियलमध्ये लाकूड तेल लावल्यासारखं चमकतंय, फक्त जुन्या व्ह्यूअरमध्ये, म्हणजे सेकंड लाइफ बघायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, ते जरा काळपट दिसतं म्हणून साधं टेक्श्चरही सोबत देणार आहे. शनिवारी फोटो काढून लिस्टिंग टाकते. किंमत अजून ठरत नाहीये, ३५० की ३९९, आणि एकटा खांब सुटा द्यायचा की नाही तेही.